वेगाचे ‘तिकीट’ : पावती नव्हे, खटला

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर धावणारा आय-९५ हा आंतरराज्य महामार्ग उत्तरेला मेन राज्यातील कॅनडाच्या सीमेवर सुरू होतो आणि दक्षिणेला फ्लोरिडातील मायामी येथे संपतो. न्यू जर्सी, मेरीलँड किंवा वॉशिंग्टनच्या परिसरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे नाताळच्या सुटीत मुलांना घेऊन मोटारीने ऑरलँडोला निघतात, ती बहुधा याच रस्त्याने. या प्रवासात व्हर्जिनिया राज्यातील सुमारे १८० मैलांचा टप्पा पार करावा लागतो. रिचमंड आणि पीटर्सबर्ग मागे पडले की वस्ती विरळ होते, रस्ता सरळ व मोकळा होतो आणि गाडीचा वेग नकळत वाढू लागतो. नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेला लागून असलेली ग्रीन्सव्हिल काउंटी ही या टप्प्यातील शेवटची. २०२०च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या सुमारे ११ हजार. पण महामार्गावरून तिच्या हद्दीतून दररोज जाणारी वाहने त्याहून कितीतरी अधिक. अशा काउंट्यांच्या लहानशा न्यायालयांत वाहतुकीच्या खटल्यांसाठी स्थानिकांबरोबर परगावचे वाहनचालकही मोठ्या संख्येने उभे राहतात, ते यामुळेच.

पोलिसाने गाडी थांबवून हातात दिलेल्या कागदाला तेथे सारेच ‘तिकीट’ म्हणतात. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला तो शब्द ऐकून ‘पावती फाडणे’ आठवते. पैसे भरले, पावती खिशात टाकली, विषय संपला. व्हर्जिनियात ही समजूत महागात पडू शकते. तेथे हातात पडणारा कागद हा न्यायालयात हजर राहण्याचा समन्स असतो. दंड भरणे म्हणजे आरोप मान्य करणे असते. आणि काही प्रकरणांत नुसता दंड भरून मोकळे होण्याची सोयच नसते.

दोन मैलांचे अंतर

व्हर्जिनियात २०१०पासून ग्रामीण भागातील आंतरराज्य महामार्गांवर ताशी ७० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटरपर्यंत वेगमर्यादा ठेवण्याची मुभा आहे. ७०ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ताशी ८४ मैल वेगाने जाणारा चालक साधा वाहतूक नियमभंग करतो. राज्याच्या कायद्यानुसार असा नियमभंग हा फौजदारी गुन्हा मानला जात नाही. मात्र त्याच रस्त्यावर काटा ८६ मैलांवर गेला, की तोच चालक ‘रेकलेस ड्रायव्हिंग’चा, म्हणजे बेदरकारपणे वाहन हाकल्याचा आरोपी ठरतो. राज्याच्या वाहन कायद्यातील कलम ४६.२-८६२ नुसार ताशी ८५ मैलांपेक्षा अधिक वेग, किंवा मर्यादेपेक्षा २० मैल वा त्याहून अधिक वेग, यांपैकी काहीही एक घडले तरी हा आरोप ठेवता येतो. रस्ता मोकळा होता, कोणालाही धोका पोहोचला नाही, हा बचाव येथे उपयोगी पडत नाही; वेगाचा आकडाच पुरेसा असतो. शिवाय हा नियम फक्त महामार्गापुरता नाही. ३५ मैलांची मर्यादा असलेल्या गावातील रस्त्यावर ५५च्या वेगाने जाणाराही याच कलमाखाली येतो.

हा आरोप ‘क्लास १ मिसडिमिनर’ या वर्गात मोडतो. मिसडिमिनर म्हणजे तुलनेने कमी गंभीर फौजदारी गुन्हा. परंतु त्यातील हा सर्वांत वरचा वर्ग आहे. मद्यपान करून वाहन चालविण्याचा पहिला गुन्हा, साधी मारहाण हे गुन्हेही याच वर्गात येतात. कमाल शिक्षा बारा महिन्यांची कैद आणि २५०० डॉलर दंड अशी आहे. वाहन परवाना सहा महिन्यांपर्यंत निलंबित होऊ शकतो. प्रत्यक्षात पहिल्याच वेळी पकडल्या गेलेल्या, पूर्वीची नोंद स्वच्छ असलेल्या चालकाला तुरुंगात पाठविले जाण्याचे प्रसंग कमी. मात्र वेग शंभर मैलांच्या आसपास किंवा पुढे असेल, तर काही दिवसांची कैद देणारे न्यायाधीशही आहेत.

वेगाखेरीज आणखीही काही चुका याच वर्गात येतात. रस्त्याच्या कडेला निळे किंवा लाल दिवे लावून थांबलेल्या पोलिसांच्या वा अग्निशमन दलाच्या गाडीसाठी शेजारची मार्गिका मोकळी न करणे किंवा ते शक्य नसल्यास वेग कमी न करणे, हे २०१९पासून पहिल्याच वेळी रेकलेस ड्रायव्हिंग ठरते. वाहन चालविताना हातात मोबाइल धरण्यास १ जानेवारी २०२१पासून बंदी असून पहिल्या वेळी १२५ आणि त्यानंतर २५० डॉलर दंड आहे. तो मात्र साधा नियमभंग होय. पोलिसांच्या रडारची चाहूल देणारे यंत्र मोटारीत बाळगणे अनेक राज्यांत चालते. व्हर्जिनियात त्याला मनाई आहे.

गाडी थांबविल्यावर

मागून निळे दिवे दिसताच इशारा देऊन उजवीकडे सुरक्षित जागी थांबावे. भारतात चालक खाली उतरून पोलिसाकडे जातो. अमेरिकेत तसे करणे धोक्याचे समजले जाते. गाडीतच बसून हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत. ‘इथेच मिटवून टाकू’ अशा अर्थाचा शब्दही काढू नये, कारण लाच देऊ करणे हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे. परवाना, नोंदणीपत्र इत्यादी मागितलेली कागदपत्रे द्यावीत. पण ‘किती वेगाने जात होता?’ या प्रश्नाला आकडा सांगण्याचे बंधन नाही. ‘नव्वदच असेल,’ असे प्रामाणिकपणे सांगून गेलेल्या चालकाचे हे उत्तर पुढे न्यायालयात पुराव्यादाखल मांडले जाऊ शकते.

समन्सवर स्वाक्षरी मागितली जाते. ती गुन्ह्याची कबुली नसते; ठरलेल्या तारखेला हजर राहू, एवढेच ते आश्वासन असते. त्यामुळे रस्त्यावर वाद घालण्यात काही हशील नाही. वाद घालण्याची जागा न्यायालय ही आहे.

कागद नीट वाचावा

घरी परतल्यावर सर्वप्रथम त्या कागदावरील चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, आरोपाचे कलम. ‘८६/७०’ असा वेगाचा उल्लेख पाहून हे साधे वेगाचे प्रकरण आहे असे वाटते. परंतु कलम ४६.२-८६२ असेल तर ते फौजदारी प्रकरण असते. दुसरी, हजर राहणे सक्तीचे आहे की आगाऊ दंड भरता येतो. साध्या वेगाच्या प्रकरणात मर्यादेवरील प्रत्येक मैलामागे सहा डॉलर या सर्वसाधारण दराने दंड आणि वर न्यायालयीन शुल्क भरून प्रकरण मिटविता येते. म्हणजे ७०च्या जागी ७८ मैल वेग असल्यास ४८ डॉलर आणि शुल्क. रस्त्याचे काम सुरू असलेल्या टप्प्यासारख्या विशेष ठिकाणी दर वेगळे असतात. रेकलेस ड्रायव्हिंगच्या आरोपात ही सवलत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे न्यायालयाचे नाव. व्हर्जिनियात ९५ काउंट्या आणि ३८ स्वतंत्र शहरे आहेत. स्वतंत्र शहर हे भोवतालच्या काउंटीचा भाग नसते. ग्रीन्सव्हिल काउंटीने वेढलेले एम्पोरिया हे असेच स्वतंत्र शहर. महामार्गाने जाणाऱ्याला हद्द केव्हा ओलांडली हे कळतही नाही. त्यामुळे आठवणीवर विसंबून न राहता समन्सवर छापलेले न्यायालय आणि पत्ता पाहावा. चौथी गोष्ट, आरोप राज्याच्या कायद्याखाली आहे की काउंटी अथवा शहराच्या स्थानिक नियमाखाली. राज्याच्या कायद्याखालील दंड ‘लिटररी फंड’मध्ये जमा होतो. १८१०मध्ये स्थापन झालेला हा निधी शाळांसाठी वापरला जातो. स्थानिक नियमाखालील दंड मात्र काउंटीच्या किंवा शहराच्या तिजोरीत जातो. महामार्गालगतच्या लहान गावांवर ‘वेगाचा सापळा’ लावल्याचा आरोप अधूनमधून होतो, त्याचे मूळ या तरतुदीत आहे.

न्यायालयातील दिवस

हे खटले प्रथम ‘जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टा’त चालतात. येथे ज्यूरी नसते. एकच न्यायाधीश साक्ष ऐकून निकाल देतो. या न्यायाधीशांची निवड राज्याचे विधिमंडळ सहा वर्षांसाठी करते. खटल्याचे नाव ‘कॉमनवेल्थ विरुद्ध’ अमुक असे असते, कारण व्हर्जिनिया राज्य स्वतःला कॉमनवेल्थ म्हणवते. कामकाजाची यादी, म्हणजे आपल्याकडील वकील ज्याला ‘बोर्ड’ म्हणतात ती, दाराबाहेर लावलेली असते. एका पोलिसाची अनेक प्रकरणे एकाच दिवशी ठेवलेली असतात. त्यामुळे सकाळभर तेच ते पोलिस साक्षीला उभे राहतात आणि आरोपी तेवढे बदलत जातात.

पुकारा झाला की न्यायाधीश विचारतात, आरोप मान्य आहे की नाही. वाहतुकीच्या प्रकरणातही आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते, हे अनेकांना ठाऊक नसते. रडार वा लेझर यंत्राच्या अचूकतेचे प्रमाणपत्र सहा महिन्यांच्या आतील असावे लागते. ते जुने असल्यास किंवा सादर न झाल्यास सरकारची बाजू कमकुवत होते. मोटारीचा वेगदर्शक काटा चुकीचा वेग दाखवीत होता का, याची तपासणी करून आणलेले प्रमाणपत्र विचारात घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. काटा प्रत्यक्षापेक्षा चार-पाच मैल कमी दाखवीत असेल, तर न्यायाधीश त्याचा विचार करू शकतात. ८६ आणि ८५ यांतील फरक पाहता अशा चार-पाच मैलांचे मोल मोठे आहे.

दोष अल्प आहे असे न्यायाधीशाला वाटल्यास, कलम ४६.२-८६९ नुसार रेकलेस ड्रायव्हिंगचा आरोप ‘अयोग्य रीतीने वाहन चालविणे’ या साध्या नियमभंगात बदलता येतो. त्याला कमाल ५०० डॉलर दंड आहे. पण फौजदारी दोषसिद्धीचा शिक्का बसत नाही. स्वच्छ नोंद, वेगदर्शकाची तपासणी आणि सुरक्षित वाहनचालनाचा अभ्यासक्रम आधीच पूर्ण केल्याचा दाखला, या तीन गोष्टी हातात घेऊन येणाऱ्याला याची आशा अधिक. इंग्रजी नीट समजत नसल्यास दुभाषा मागता येतो. मात्र ती विनंती आधी करावी लागते.

निकाल मान्य नसल्यास दहा दिवसांच्या आत ‘सर्किट कोर्टा’त अपील करता येते. तेथे खटला नव्याने, जणू पहिला निकाल लागलाच नाही अशा रीतीने चालतो आणि मिसडिमिनरच्या आरोपात ज्यूरीही मागता येते. समन्सकडे पाठ फिरविणे हा मात्र सर्वांत वाईट मार्ग. आरोपीच्या गैरहजेरीत निकाल लागू शकतो. फौजदारी आरोप असल्यास अटकेचे वॉरंट निघू शकते. परराज्यात राहणाऱ्याचा परवाना त्याच्या स्वतःच्या राज्यात निलंबित करण्याची व्यवस्थाही राज्यांनी आपसांत केलेली आहे.

नोंद घरापर्यंत येते

व्हर्जिनियाचा वाहन विभाग प्रत्येक दोषसिद्धीला तीन, चार किंवा सहा वजा गुण देतो. रेकलेस ड्रायव्हिंगला सहा. गुण दोन वर्षे मोजले जातात, पण रेकलेस ड्रायव्हिंगची नोंद चालकाच्या खात्यावर अकरा वर्षे राहते. बारा महिन्यांत बारा गुण झाले तर प्रशिक्षणवर्गाला बसणे सक्तीचे होते. अठरा झाले तर परवाना नव्वद दिवसांसाठी जातो. उलटपक्षी नियमभंगाविना गेलेल्या प्रत्येक कॅलेंडर वर्षाला एक अधिक गुण मिळतो आणि असे पाच गुण साठविता येतात.

परवाना दुसऱ्या राज्याचा आहे म्हणून सुटका होत नाही. बहुतेक राज्ये परस्परांना दोषसिद्धी कळवितात. न्यू जर्सीसारखे राज्य परराज्यातील अशा नियमभंगाला दोन गुण लावते. वाहन विम्याचा हप्ता वाढतो तो वेगळाच. न्यायालयाची नोंद इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. नोकरी देणारी कंपनी पार्श्वभूमी तपासते, तेव्हा ‘वेगाचे तिकीट’ म्हणून विसरलेले प्रकरण ‘क्लास १ मिसडिमिनर, दोषी’ अशा शब्दांत समोर येते.

व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व

अमेरिकन नागरिक नसलेल्यांसाठी या शब्दांचे वजन अधिक आहे. व्हिसासाठीच्या डीएस-१६० अर्जात कोणत्याही गुन्ह्याबद्दल अटक किंवा दोषसिद्धी झाली आहे का, असा प्रश्न असतो. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जातही पूर्वीच्या गुन्ह्यांची आणि पोलिस कारवाईची विचारणा होते. निव्वळ वेगामुळे झालेली रेकलेस ड्रायव्हिंगची दोषसिद्धी सर्वसाधारणपणे देशाबाहेर काढण्याचे कारण ठरत नाही. धोका असतो तो ‘तिकीटच तर होते’ अशा समजुतीने ‘नाही’ असे उत्तर लिहिण्यात. गुन्ह्यापेक्षा ती दडवादडवी अर्जदाराला अधिक भोवते.

किरकोळ नोंदही किती अडचणीची ठरू शकते, याचा प्रत्यय २०२५च्या वसंत ऋतूत आला. हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या ‘सेव्हिस’ या सरकारी प्रणालीतील नोंदी अचानक रद्द झाल्या. त्यांतील काहींच्या नावावर वाहतुकीच्या नियमभंगापलीकडे किंवा केव्हाच निकाली निघालेल्या आरोपापलीकडे काही नव्हते. अनेकांनी न्यायालयात धाव घेतल्यानंतर त्या नोंदी पूर्ववत करण्यात आल्या. तोवर कित्येकांचे शिक्षण आणि नोकरी टांगणीला लागली होती. म्हणूनच एच-१बी अथवा विद्यार्थी व्हिसावरील व्यक्तीने रेकलेस ड्रायव्हिंगचा समन्स मिळाल्यास स्थानिक वकिलाबरोबरच स्थलांतरविषयक वकिलाचाही सल्ला घेतलेला बरा. निकालाची प्रमाणित प्रत मागून घेऊन ती कायम जपून ठेवावी. दहा वर्षांनी अर्ज भरताना तिचाच उपयोग होतो.

कायदा बदलतो, पण दबावाने

व्हर्जिनियाच्या या कडक कायद्यावर त्या राज्यातही मतभेद आहेत. २००७मध्ये रस्त्यांसाठी पैसा उभा करण्याच्या हेतूने गंभीर वाहतूक गुन्ह्यांवर भरमसाट जादा शुल्क लावण्यात आले. रेकलेस ड्रायव्हिंगसाठी ते तीन वर्षांत मिळून १०५० डॉलर होते. हे शुल्क फक्त राज्याच्या रहिवाशांना लागू होते, परराज्यातील चालकांना नव्हे. त्यामुळे संताप उसळला आणि २००८मध्ये ते रद्द करून वसूल केलेली रक्कम परत करावी लागली. २०२०पर्यंत रेकलेस ड्रायव्हिंगची सीमा ताशी ८० मैल होती. म्हणजे ७०च्या रस्त्यावर अवघे अकरा मैल अधिक गेलेला चालकही फौजदारी आरोपी ठरत असे. १ जुलै २०२० रोजी ही सीमा ८५ झाली. त्याच दिवसापासून न्यायालयीन दंड थकला एवढ्याच कारणावरून वाहन परवाना निलंबित करण्याची प्रथाही कायमची बंद झाली. दंड भरण्याची ऐपत नाही म्हणून परवाना गेला, परवाना नाही म्हणून नोकरी गेली, आणि नोकरी नाही म्हणून दंड थकला, अशा चक्रात अडकलेल्या गरिबांना त्यामुळे दिलासा मिळाला.

एक विषमता मात्र कायम आहे. ग्रीन्सव्हिलमध्ये राहणारा माणूस दहा-पंधरा मिनिटांत न्यायालयात पोहोचतो, न्यायाधीशासमोर आपली बाजू मांडतो आणि कदाचित कमी आरोपावर सुटतो. न्यू जर्सीतील एडिसनला राहणाऱ्याला त्याच पाच मिनिटांच्या सुनावणीसाठी साडेतीनशेहून अधिक मैल यावे लागते, रजा काढावी लागते किंवा वकिलाला शुल्क द्यावे लागते. अनेक न्यायालये मिसडिमिनरच्या प्रकरणातही वकिलाला आरोपीच्या वतीने हजर राहू देतात. तरी ही सोय पैसे असणाऱ्यालाच परवडते. कागदावर दोघांचा आरोप आणि शिक्षा सारखीच. प्रत्यक्षात अंतर हीच एक शिक्षा होऊन बसते. कंटाळून गप्प बसणारा वा आरोप जसाच्या तसा मान्य करणारा परगावचा चालक अकरा वर्षांची नोंद पत्करतो.

सुटीच्या प्रवासाला निघणाऱ्यांसाठी यातून निघणारा धडा साधा आहे. राज्याची सीमा ओलांडली की रस्ता तोच राहतो, गाडी तीच राहते, पण कायदा बदलतो. ७०ची पाटी दिसते, ८५ची दिसत नाही. वेग त्या पाटीशी जुळता ठेवणे हाच सर्वांत स्वस्त बचाव. आणि तरीही कागद हातात पडलाच, तर तो समन्स आहे असे समजून कलम, न्यायालय आणि तारीख त्याच दिवशी पाहून ठेवावी; बँकेचे कार्ड बाहेर काढण्याचा विचार त्यानंतर करावा.